सीए ऑफिसची नोकरी सोडून पाळकीय सेवेत जावं का? (सांगली-मिरज)

हळदीचा_हिशोब

जय ख्रिस्त आणि नमस्कार, दोन्ही, कारण या ग्रुपवर दोन्हीकडची माणसं आहेत.

वय २९, सांगलीत एका सीएच्या ऑफिसात आहे. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांची जीएसटी रिटर्न, तासगावकडच्या बेदाणेवाल्यांची ऑडिटं, हेच दिवसभर. घर मिरजेत, आजोबा मिशन हॉस्पिटलात ड्रेसर होते, आई नर्स होती, म्हणजे आमची तिसरी पिढी त्या घंटेच्या आवाजात वाढलेली. मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चमधे) संडे स्कूल घेते, तरुण संघाचं बघते, आणि गेली काही वर्षं सारखं वाटतंय की मला पूर्णवेळ सेवेचं पाचारण आहे, म्हणजे पाळक (पाद्री) व्हायला देवानं बोलावलंय. हे कुणाला बोलून दाखवायला लागले की समोरच्याचा चेहरा बदलतो म्हणून इथं लिहितेय.

आई म्हणते आधी लग्न, आणि पाळकाला पगार किती असतो ठाऊक आहे ना. आमच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एकजण म्हणाले, मुली, महिला मंडळ आहे की, तिथं बोल हवं तेवढं. आणि सगळ्यात विचार करायला लावलं ते ऑफिसनं. आमचे साहेब चांगले आहेत, खरंच, नाताळला स्वतःहून सुट्टी देतात, गणपतीत आरतीला मी मागं उभी राहते तर कुणी काही म्हणत नाही, प्रसादाचा डबा माझ्या टेबलावर पहिला येतो. पण मी पाळक व्हायचं म्हणतेय असं कळल्यावर साहेब म्हणाले, "तुमच्या लोकांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या, ते कसं मस्त काम, तसलं काहीतरी कर की, प्रवचन कशाला?" आणि शेजारच्या टेबलावरचा हळूच विचारतो, म्हणजे धर्मांतर वगैरे का?

मला राग नाही आला, पण उत्तरही सुचलं नाही. दवाखान्याला मान आहे, पुलपिटला (प्रवचनाच्या व्यासपीठाला) नाही, मग आजच्या सांगलीत पाळक नक्की कुणाचा असतो? फक्त आपल्या ओळखीच्या घरांचा? आणि नोकरी सोडावीच लागते का?

थोरला_पंच

बाळ, जय ख्रिस्त. मिरजेचाच आहे, कदाचित ओळखशील, असो.

नोकरी सोडू नको. पाळकांविरुद्ध मी नाही, माझे सासरे पाळक होते. पण पाचारण म्हणजे पुलपिटच, हे आपल्या डोक्यात कुणी घातलं? १ करिंथ ७ मधे पौल सांगतो ज्याला ज्या स्थितीत बोलावलं त्यानं त्या स्थितीत राहावं. ल्यूथरनं १५२० साली हेच मांडलं की चांभाराचं, लोहाराचं, शेतकऱ्याचं काम हे पाद्र्याच्या कामापेक्षा खालचं नाही, बाप्तिस्मा झालेला प्रत्येकजण याजकच. आणि पौल स्वतः करिंथात अक्विला-प्रिस्किल्लाच्या घरी तंबू शिवायचा, प्रे. कृत्ये १८ उघडून बघ. म्हणजे धंदा आणि सेवा एकाच हातानं.

आता खरं बोलतो. आपल्या मंडळ्यांत भाषण करणारे पोत्यानं आहेत. हिशोब लिहिणारा एक नाही. मंडळीची मालमत्ता पब्लिक ट्रस्ट कायद्याखाली येते, दरवर्षी ऑडिट लागतं, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट टाकावा लागतो, आणि तो वेळेवर टाकला नाही की पुढची पंधरा वर्षं दोन गट कोर्टात. आमच्या भागातल्या एका मंडळीत (नाव घेत नाही) उपासनेला वीस माणसं आणि तारखेला चाळीस, असं मी डोळ्यांनी बघितलंय. बाहेरचा माणूस आपल्याला कशावरनं ओळखतो? पेपरात जमिनीच्या भांडणाची बातमी येते त्यावरनं. तुझ्यासारखी एक अकाउंटंट जर तीन जिल्ह्यांतल्या मंडळ्यांचे हिशोब सरळ करत फिरली तर ते कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठं नेतृत्व आहे, आणि तुझ्या साहेबांनापण ते कळेल.

वाईची_लेक

पंचकाका, मान ठेवून बोलते, पण हे वाचून हसावं का रडावं कळंना. पोरगी म्हणतेय मला वचन सांगायचंय (प्रवचन करायचंय) आणि तुम्ही म्हणताय वही घे.

माझे वडील पाळक, आयुष्यभर बदल्या, वाई, सातारा, परत वाई, मधे कुठं कुठं. पगार त्यांच्या एकट्याचा आणि काम आईचंपण. आजारी माणसाकडं आई, बाळंतिणीकडं आई, मयतीच्या घरी रात्री भात घेऊन आई, पंचांच्या मीटिंगचा चहा आई, आणि मीटिंगमधे आईला बसायला खुर्ची नाही. बायकांना हिशोब द्या, स्वयंपाक द्या, संडे स्कूल द्या, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. हिशोब महत्त्वाचा आहे हो, पण मग तुमच्या मुलाला ठेवा की हिशोबाला.

हळदीताई, सीएनआयमधे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) बायकांच्या दीक्षेचा, म्हणजे पाळक म्हणून नेमण्याचा, दरवाजा १९८० पासून उघडा आहे. दक्षिणेत सीएसआयमधे (चर्च ऑफ साउथ इंडिया) २०१३ ला एक बाई बिशप झाल्या, आंध्रात. कागदावर अडथळा नाही, अडथळा आपल्या पंचांच्या जिभेवर आहे. आणि मराठी मंडळीनं तर असलं काही बोलूच नये, आपल्याकडं पंडिता रमाबाई होऊन गेल्या. १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या सिस्टरबाईंना पत्रात ठणकावून सांगितलं की एका पुरोहितवर्गाच्या तावडीतनं सुटून आलेय ती दुसऱ्याच्या हातात मान द्यायला नाही. माझ्या शब्दांत सांगतेय पण भाव तोच. मग केडगावला मुक्ती उभी केली, दुष्काळातल्या शेकडो बायका-पोरी सांभाळल्या, आणि म्हातारपणी हिब्रू-ग्रीकवरनं अख्खं बायबल मराठीत आणलं. कुठल्या कमिटीची परवानगी घेऊन?

तुझ्या साहेबांचा प्रश्न मात्र मला आवडला. दवाखाना आवडतो, प्रवचन नको. कारण दवाखाना सगळ्यांना लागतो.

साताऱ्याचा_नास्तिक

मी ख्रिस्ती नाही, कुठलाच नाही, पण ताईंनी दोन्हीकडचे म्हणलंय म्हणून घुसतोय. हाकला नको असेल तर.

आम्ही डॉ. दाभोलकरांच्या गावचे. कॉलेजात असताना अंनिसच्या कामात होतो, गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिकं करायचो. तेव्हा बाबा-बुवांबरोबर चंगाई सभासुद्धा बघितल्या, तेल लावून डोक्यावर हात, गोळ्या फेकून द्या, प्रभू बरं करील. त्यातल्या एका पेशंटला शुगर होती, पुढचं सांगत नाही. म्हणून बाहेरच्याची अपेक्षा काय ते स्पष्ट सांगतो. तुम्ही पाळक झाला आणि कुणी आजारी माणूस प्रार्थनेला आला तर प्रार्थना करा, माझी काही हरकत नाही, पण त्याच दिवशी डॉक्टरकडंपण पाठवता का? एवढंच बघतो आम्ही. ज्यांच्या माणसानं, डॉ. वॉनलेसनी, १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल काढलं, अख्खं शहर डॉक्टरांचं करून टाकलं, त्यांच्याच नावावर कुणी गोळ्या फेकायला सांगतं तेव्हा वॉनलेस साहेबांना काय वाटत असेल.

आणि धर्मांतर वगैरे का असं विचारणाऱ्यावर चिडू नका. सातारा-सांगलीत आम्ही सगळे स्वतःला पुरोगामी म्हणवतो, सत्यशोधकांचा वारसा, कर्मवीरांची रयत, सगळं खरं. जोतिबा फुले स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, हे भाषणात सगळे सांगतात. पण शेजारची पोरगी पाळक होते म्हणल्यावर पोटात गोळा येतोच. तो गोळा वादावादीनं जात नाही. ओळखीनं जातो.

अजून एक, इथं कुणी बोललं नाही म्हणून. तुमचे ना. वा. टिळक शेवटी साताऱ्यात आले होते. शाळेत कविता होत्या आम्हाला, नंतर आमच्या मराठीच्या सरांनी सांगितलं. १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला येऊन देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. शंभर वर्षांपूर्वी! ताईंचा प्रश्न हाच ना, पाळक कुणाचा? मला वाटतं टिळकांनी तो ह्याच गावात सोडवायला घेतला होता.

थोरला_पंच

नास्तिक साहेब, स्वागत आहे, हाकलायचं कशाला, आमच्या अर्ध्या तरुण संघापेक्षा तुम्हाला जास्त माहिती आहे 😄

टिळकांचं खरं आहे. आजही आमच्या उपासनेत त्यांची भजनं झाली नाहीत तर म्हाताऱ्यांना उपासना झाली असं वाटत नाही, पेटी-तबला-झांजा लागतातच, आणि मिरज म्हणल्यावर तंबोरापण. परक्या सुरात गाणारी मंडळी ह्या मातीत रुजणार नाही हे त्या माणसानं ओळखलं होतं. पण दरबाराचं पुढं काय झालं तेही सांगा. १९१९ च्या मे मधे टिळक वारले, दोन वर्षंसुद्धा धड मिळाली नाहीत, आणि त्यांच्यामागं ते चाललं नाही. माझं मत विचाराल तर ओढ होती, माणूस होता, घडी नव्हती. एका माणसाच्या तेजावर उभं केलेलं त्या माणसाबरोबर जातं. म्हणून मी हिशोब हिशोब करतोय. वाईच्या लेकीला राग आला, येऊ दे, तिचं म्हणणं चुकीचं नाही. हळदीबाई पुलपिटवर चढली तर मी पहिल्या बाकावर बसेन, फक्त चढताना वही खाली ठेवून चढू नको एवढंच.

मिरज_ते_मिडलँड्स

मिरजेत नर्सिंग केलं, आता बरीच वर्षं इंग्लंडात आहे, नाईट ड्युटीवरनं आल्यावर हे वाचतेय.

तुम्ही सांगलीला पुरोगामी म्हणताय, इथं या एकदा. इथं चर्चचे फ्लॅट झालेत, दुकानं झालीत, माझ्या ओळखीची एक इमारत आता व्यायामशाळा आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधे ख्रिस्ती लिहिणारे पहिल्यांदा निम्म्याच्या खाली आले, ४६.२ टक्के. पण कुणी विरोध करत नाही हो. वॉर्डात मी गळ्यात क्रूस घातला काय, नाही घातला काय, कुणाला पडलेली नसते. सांगलीत निदान शेजारचा विचारतो तरी, धर्मांतर वगैरे का म्हणून. इथं कुणी विचारतच नाही.

लेस्ली न्यूबिगिन म्हणून एक बिशप होते, १९४७ ला सीएसआय झाली तेव्हाच्या पहिल्या बिशपांतले, तामिळनाडूत आयुष्य गेलं, शेवटी मद्रासला. १९७४ ला रिटायर होऊन बायकोबरोबर पाठीवर सॅक टाकून बस पकडत पकडत जमिनीवरनं इंग्लंडला परत आले. आणि इथं बघतात तर काय, त्यांचं म्हणणं होतं की मद्रासमधे सुवार्ता सांगणं सोपं होतं, इथल्या थंडपणापुढं अवघड आहे. मग ह्या माणसानं काय केलं तर सत्तरी ओलांडलेली असताना बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीनमधली, जेलसमोरची, बंद करायला निघालेली एक छोटी मंडळी घेतली आणि दारोदार फिरले. आजूबाजूला बरेच आपल्याकडनं गेलेले लोक, शीख, हिंदू, मुसलमान. त्यांनी दारात उभं केलं, चहा दिला. तोंडावर दार लावणारे जास्त गोरे होते.

म्हणून हळदीताई, तुझ्या ऑफिसातला तो हळूच विचारणारा, त्याला सोडू नको. ज्याला प्रश्न पडतो तो अजून जिवंत आहे, इथं मला असा माणूस आठवड्यात एक भेटला तरी मी खूश.

आणि आईला सांग पगार कमी असतो हे खरंय 🙏

हळदीचा_हिशोब

एवढं सगळं लिहाल वाटलं नव्हतं, डबा खाता खाता वाचतेय.

पंचकाका, हिशोबाचं मला पटतंय आणि तेच टोचतंय. मला हिशोब येतो म्हणून मी हिशोबालाच, हे मी ऑफिसातपण ऐकते, क्लायंटकडं मीटिंगला मुलगे जातात. पण नास्तिकदादांचा डॉक्टरचा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला कारण आमच्याच एका काकूंनी मागच्या वर्षी बीपीच्या गोळ्या सोडल्या होत्या, यूट्यूबवरच्या कुणाचं तरी ऐकून, आणि आमच्या पाळकसाहेबांना ते कळलं तेव्हा त्यांनी स्वतः रिक्षातनं नेऊन दाखवलं. त्या दिवशी मला वाटलं होतं की हेच करायचंय. प्रवचन नंतर, आधी कुणाच्या घरी काय चाललंय ते माहीत असणारा माणूस व्हायचंय. साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणतील मग समाजसेवा कर. फरक कसा सांगायचा?

वाईची_लेक

सांगायचा कशाला. समाजसेविका संध्याकाळी घरी जाते. पाळकाला रात्री दोनला फोन येतो आणि फोन करणाऱ्याला माहीत असतं की उचलला जाणार. वडिलांनी कधी फोन सायलेंट केला नाही, आई चिडायची.

जतकडचा_पाळक

उशिरा आलो, रेंज नसते इकडं. जत तालुक्यात सेवा करतो, तीन वाड्या मिळून एक मंडळी, आणि पोटासाठी सकाळी शाळेची व्हॅन चालवतो, घरी शेरडं आहेत. म्हणजे ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं, नोकरी सोडावीच लागते का, त्याचं उत्तर मी चालतंबोलतं आहे.

दोन्ही बाजू सांगतो. फायदा असा की व्हॅनमधे सगळ्या जातीधर्माची पोरं, त्यांचे आईबाप मला ड्रायव्हर म्हणून आधी ओळखतात, त्यामुळं ते वगैरे का म्हणणारं कुणी राहिलं नाही. मंडळी गरीब आहे, दशमांश कसला, दुष्काळात ज्वारी आणून देतात, त्यांच्यावर माझा बोजा नाही. पौल १ करिंथ ९ मधे आधी भांडून सांगतो की सुवार्ता सांगणाऱ्याचा पगारावर हक्क आहे, आणि मग म्हणतो मी तो हक्क वापरला नाही. पंचकाकांनी तंबूचं सांगितलं, हक्काचं सांगितलं नाही, बऱ्याच कमिट्या तेवढंच वाचतात 😀 तोटा असा की वचनाची तयारी रात्री अकराला, डोळे मिटत असताना. आणि तुम्ही ज्यांच्यात काम करता त्यांचे होऊन जाता. सेमिनरीत शिकलो होतो, फ्रान्सात १९४० च्या दशकात फादर लोक कारखान्यांत मजूर म्हणून कामाला गेले, कारण मजूर चर्चला यायचे बंद झाले होते. गेले आणि युनियनमधे मिसळले, संपात उतरले, रोमनं १९५४ ला ते थांबवलं, १९६५ ला परत परवानगी दिली. थांबवणाऱ्यांची भीती मला कळते, आणि गेलेल्यांचंही कळतं.

एक गोष्ट शहरातल्या मंडळींच्या लक्षात येत नाही ती सांगतो. ताई, तुमचं आडनाव, तुमची तिसरी पिढी, तुम्ही उघड ख्रिस्ती आहात. माझ्या वाड्यांत उपासनेला येणारी निम्मी माणसं कागदावर ख्रिस्ती नाहीत आणि होऊ शकत नाहीत. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, १९५६ ला शिखांना, १९९० ला बौद्धांना, ख्रिस्त्यांना अजून नाही. बाप्तिस्मा रजिस्टरात नाव चढलं की पोराच्या जातीच्या दाखल्याचं काय, हा प्रश्न घेऊन बाप माझ्याकडं येतो. त्याला मी काय सांगू, धीट हो? माझ्या पोराचा दाखला पणाला लागलेला नाही. म्हणून इथं नेतृत्व म्हणजे पुढं उभं राहून घोषणा देणं नाही, कोण कशाची किंमत देतोय हे बघून तोंड उघडणं आहे. नास्तिक साहेब, टिळकांच्या दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्यांना जागा होती म्हणालात ना, माझ्या मंडळीत ती जागा कायम भरलेली असते, फक्त तिला नाव नाही.

आता कामाचं. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, पूर्वी यवतमाळला होती, १९८३ ला पुण्यात आली, तिथं बी.डी. (पाळकांची पदवी) होतं. पण नोकरी सोडून लगेच तिकडं पळू नका. सेरामपूरचा बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज म्हणून कोर्स आहे, घरी बसून करता येतो, परीक्षा द्यायच्या (सेरामपूर बंगालातलं, केरीचं, नगरचं श्रीरामपूर नव्हे, माझा एक मित्र तिथली एसटी विचारत होता). तो चालू करा नोकरी ठेवून. दीक्षेचं ठरलं तर तुमच्या पाळकांचं पत्र आणि पॅस्टोरेट कमिटीची (मंडळीच्या पंचांची) शिफारस लागणारच, म्हणून ज्या पंचांनी महिला मंडळात बोल म्हणलं त्यांच्याशी भांडण काढू नका, त्यांच्या घरी जा, त्यांची सही लागणार आहे.

आणि पहिलं काम म्हणजे महिन्यातला एक रविवार इकडं या. मिरजेतनं जतची एसटी सकाळी पकडली तर उपासनेला पोचाल, आमची उपासना उशिरा सुरू होते, शेरडं सोडून लोक येतात. वचन तुम्ही सांगा, मी तेवढं झोपतो. आमच्या बायका तोंडावर सांगतात कंटाळा आला म्हणून, त्यामुळं पाचारण आहे का नाही ते लवकर कळेल. येताना वहीपण आणा, पंचकाका खूश होतील, आमचं मागचं ऑडिट राहिलंय.